तेरच्या पांढरीबद्दल तेरकरांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व सभासद,
मौजे तेर, ता. जि. धाराशिव

विषय : गावच्या टेकाडांवरची पांढरी माती न उचलण्याबाबत आणि गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तूंची नोंदवही ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझे आजोळ तुमच्या गावापासून तीन कोसांवर आहे. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला आजोबांच्या बैलगाडीत बसून तेरला यायचे आणि मृगाच्या आधी त्याच बैलगाडीतून तेरची पांढरी माती भरून न्यायची, अशा दोन कामांमुळे तुमच्या गावाचा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. पहिल्या कामाबद्दल मला काही सांगायचे नाही. ते तुम्हीच मला सांगावे. दुसऱ्या कामाबद्दल मात्र मनात बरीच वर्षे साचलेले आहे आणि ते ग्रामसभेपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपल्या भागात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. माणसे एकाच जागी शेकडो वर्षे राहिली की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण, हाडे आणि खापरे एकावर एक साचत जातात; त्या थरांचा रंग फिकट, राखाडी होतो आणि पोत इतका बारीक होतो की ती माती अंथरून चोपली की पाणी सहसा पाझरत नाही. म्हणून माळवदाला, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपराला, पांढरी लागते आणि म्हणूनच ती जितकी जुन्या वस्तीची तितकी चांगली, हे आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. कुदळीचा घाव घातल्यावर माती कशी सुटते, मुठीत दाबल्यावर ती कशी बसते, एवढ्यावरून ते टेकाडाची कोणती बाजू घ्यायची ते ठरवत. म्हणजे माळवदासाठी जी माती सर्वांत उत्तम, तीच जुन्या नगराचा सर्वांत पक्का पुरावा होती, आणि आम्ही पंचक्रोशीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नेमकी तीच उचलून नेली. हा दोष एकट्या तेरकरांचा नाही. त्यात माझ्या आजोबांच्या गाड्याही आहेत, हे मी आधीच कबूल करतो.

त्या टेकाडांखाली काय आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तरीही नव्या पिढीसाठी ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली एक व्यापारी वाटाडी आज ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कोणते बंदर कुठे आहे, तिथे काय विकते आणि काय मिळते, याची ती बारकाईने केलेली टिपणे आहेत. तिच्यात दक्षिणापथातल्या दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत. पहिली पैठण, भरूचपासून दक्षिणेला सुमारे वीस दिवसांच्या अंतरावर. आणि तिच्यापलीकडे आणखी सुमारे दहा दिवसांच्या अंतरावर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर. तगर म्हणजेच आजचे तेर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भरूचला उतरवला जाई. पैठणहून अकीक, आणि तगरहून पुष्कळसे जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशांतून तगरला येऊन पडणारा इतर माल.

दहा दिवसांचा हा आकडा मी नकाशावर ताडून पाहिला. तेर ते पैठण हे सरळ रेषेतले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. भरलेली बैलगाडी दिवसाला पाच कोस, म्हणजे पंधरा किलोमीटर, चालते असे आजोबा म्हणत. त्या हिशेबाने दहा मुक्काम बरोबर होतात. लिहिणाऱ्याची दिशा मात्र चुकली आहे. त्याने तगर पैठणच्या पूर्वेला सांगितले, आणि तेर आहे पैठणच्या दक्षिणेला, जरासे पूर्वेकडे झुकलेले. तो किनाऱ्यावर फिरणारा माणूस होता, घाट चढून इकडे आला नसावा. भरूचच्या पेठेत गाडीवानांकडून ऐकले ते त्याने लिहिले. गाडीवानाला मुक्काम नेमके ठाऊक असतात, दिशा तो हाताने दाखवतो. मला ही चूकसुद्धा मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे त्या टिपणामागे खरा गाडीवान उभा असल्याचे दिसते.

या चुकीच्या दिशेमुळे अभ्यासक बराच काळ चकले. कोणी तगर म्हणजे देवगिरी म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचे नाव सुचवले, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले. १९०१ साली जुन्या लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार मांडले, आणि लगोलग पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन देवळे आणि टेकाडे पाहून त्याला दुजोरा दिला. नावाचा प्रवास तर आपल्या कानाला ओळखीचा आहे. प्राकृतात मधला ‘ग’ गळाला की तगरचे तयर होते आणि तयरचे तेर. नगरचे नयर आणि नयरचे नेर याच वाटेने झाले, आणि म्हणूनच संगमनेर, जामनेर, पिंपळनेर या गावांच्या शेपटाशी तो ‘नेर’ आजही आहे. तेव्हा तुम्ही एसटीच्या खिडकीतून ‘तेर, तेर’ अशी हाक ऐकता तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचेच नाव ऐकत असता, फक्त त्याच्या कडा झिजल्या आहेत.

हे नगर इथेच का वाढले, याचे उत्तर जमिनीत आहे. बालाघाटाचे डोंगर पश्चिमेला ठेवून तेरणा पूर्वेकडे वाहते आणि पुढे मांजरेला मिळून तिचे पाणी गोदावरीत जाते. पाण्याच्या त्या वाटेने आंध्राकडच्या सपाट मुलखाशी आपला भाग सहज जोडलेला आहे. पूर्व किनाऱ्यावरून निघालेला माल पठार चढत आला की बालाघाट ओलांडण्यापूर्वी त्याला थांबण्यासाठी पाण्याची, वैरणीची आणि कारागिरांची जागा लागणार, आणि ती तेरणेच्या काठावर मिळत असे. ‘समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशांतून येणारा माल’ हे पेरिप्लसमधले शब्द बहुतेक अभ्यासक पूर्व किनाऱ्याला उद्देशूनच वाचतात. भोवती कापसाची काळी जमीन, वर पूर्वेची मलमल, आणि पुढे पैठणकडे निघणारा गाडीमार्ग, अशा तिहेरी सोयीवर तगरची पेठ उभी होती.

पण एक प्रश्न राहतो आणि तो मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो. तेरपासून कोकणातली बंदरे भरूचपेक्षा कितीतरी जवळ आहेत. मग इथल्या व्यापाऱ्याने कल्याण सोडून महिनाभर चालून भरूच का गाठावे? उत्तर त्याच वाटाडीत आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, बंदराची अडवणूक सुरू झाली, आणि तिथे येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जाऊ लागली, असे ती सांगते. तो काळ क्षहरात क्षत्रप, म्हणजे पश्चिमेकडचे शक राजे, आणि सातवाहन यांच्या झगड्याचा होता. भरूच क्षत्रपांकडे होते, आणि बंदरावर ज्याचा ताबा त्याच्या तिजोरीत जकात. तगरच्या विणकराने विणलेले जाडेभरडे कापड कोणत्या वाटेने समुद्रावर जायचे, हे बालाघाटाच्या पायथ्याशी नव्हे तर नाशिक आणि कोकणातल्या लढायांवर ठरत होते. राजकारण बंदरात होते आणि चाके आपल्या गाड्यांची झिजत होती.

या झगड्याचा शेवट कसा झाला, हे आपल्याला ज्या पुराव्यावरून कळते त्याची हकीकत या पत्राशी थेट संबंधित आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सगळी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे चलन आपल्या नावावर करून घेतले, हे इतके स्पष्ट दुसऱ्या कशातूनही दिसले नसते. पण तो साठा एकत्र राहिला आणि एकत्र मोजला गेला म्हणून ते दिसले. ती नाणी सुटी सुटी सराफाकडे गेली असती, तर चांदीचा भाव तेवढा हाती आला असता.

तेरच्या टेकाडांतून आजवर जे वर आले आहे, त्याची यादी मी इथे करणार नाही. ते सारे तुमच्या गावातच पाहायला मिळते. पण एका वस्तूबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इटलीतल्या पॉम्पेई शहरावर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीची राख कोसळली आणि शहर जसेच्या तसे गाडले गेले. तिथे १९३८ साली एका घराच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. वीतभर उंचीची, अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ती हिंदुस्थानात घडली याबद्दल शंका नव्हती, पण नेमकी कुठे, हे कळत नव्हते. तिच्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. त्यामुळे पॉम्पेईच्या मूर्तीचा शोध घेणाऱ्या कोणालाही आज तेरचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

तेरची हस्तिदंती मूर्ती गावात राहिली आणि जगाला कळली, याचे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून गेल्या की टेकाडांच्या उतारावरची माती धुऊन जाते आणि मणी, नाणी, मातीच्या मूर्तींची तोंडे उघडी पडतात, हे तेरमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. लामतुरे यांनी आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या, लोकांनी आणून दिलेल्या सांभाळल्या, आणि अखेर हा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. आज गावात त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. तिथल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्याशुभ्र बारीक मातीच्या, स्त्रीमूर्ती जवळून पाहाव्यात अशी माझी तरुणांना विनंती आहे. कपाळावरची केसांची वळणे, कानातली जड कुंडले, ओठांच्या कोपऱ्यातला किंचित उंचवटा, सगळे अंगठ्याएवढ्या जागेत उतरले आहे. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन अर्धुके जोडून त्या घडवल्या आहेत. कानामागे नीट पाहिले तर जोडाची बारीक रेघ दिसते. ज्या गावात पुढे गोरोबाकाकांनी चाक फिरवले आणि थापटणे हातात घेऊन संतांची मडकी पक्की की कच्ची ते पाहिले, त्या गावात मातीचे काम त्यांच्याआधी हजार-बाराशे वर्षे एवढ्या उंचीला पोहोचलेले होते.

पेठ ओसरली तरी गाव उठून गेले नाही, ही तेरची आणखी एक मोठी गोष्ट आहे. रोमशी असलेला व्यापार मंदावला, सातवाहन गेले, पण त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ उभे राहिले. त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे. आकारावरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्स यांना वाटले होते, आणि त्यावर आजही चर्चा चालते. उत्तरेश्वराच्या देवळाच्या लाकडी चौकटीवरचे कोरीव काम पाहिले की लाकूड इतकी शतके टिकते यावर विश्वास बसत नाही. इथल्या जुन्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या आहेत की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. उत्खननात चाकाच्या आऱ्यांसारखी आतली मांडणी असलेला विटांचा स्तूप मिळाला, आणि अशा रचनेचे स्तूप आंध्रात नागार्जुनकोंड्याला आहेत. पूर्वेकडच्या वाटेचा तो आणखी एक दाखला. इ. स. ६१२ च्या दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी म्हणून नोंदलेला आहे. पुढे ठाण्याला, कोल्हापूरला राज्य करणारे शिलाहार स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, म्हणजे आम्ही मूळचे तगर या श्रेष्ठ नगराचे. मुंबईच्या आसपासच्या कोरीव लेखांत आपल्या गावाचे नाव शेकडो वर्षे फिरत होते. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यातही तेरापुराजवळच्या लेण्यांची कथा आली आहे. आणि शके १२३९ मध्ये, म्हणजे इ. स. १३१७ साली, गोरोबाकाकांनी इथे समाधी घेतली. बौद्ध, वैष्णव, शैव, जैन आणि वारकरी अशा पाचही खुणा एकाच शिवारात आजही दाखवता येतील अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या भागातली जाड दगडमातीच्या भिंतींची आणि जड माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आजोबांचे घर पडले नाही, पण भिंतीला उभी भेग गेली, आणि पुढच्या वर्षी मामांनी माळवद उतरवून पत्रे घातले. माळवद उतरवताना मी तिथे होतो. हातभर जाडीच्या मातीचे ढेकळ खाली पडून फुटले आणि आतून बोटाच्या दोन पेरांएवढा एक पांढुरका तुकडा निघाला. धुतल्यावर कळले की ती शंखाच्या बांगडीची अर्धी कड होती. वर तिरप्या रेघांची जाळी कोरलेली, एका टोकाशी झिजून गुळगुळीत झालेली. कोणीतरी ती वर्षानुवर्षे घातली होती. आमच्याकडून समुद्र किती दूर! तो शंख किनाऱ्यावरून गाडीने इथवर आला, कोणी तो कापला, घासला, कोरला, आणि तगरच्या कोणा बाईच्या हातात तो वाजला. तो तुकडा मी पुष्कळ वर्षे जपून ठेवला आणि नंतर एका जाणकार बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी भिंगाखाली पाहिला, कौतुक केले आणि विचारले, “कोणत्या टेकाडातला? किती खोलीवर? सोबत काय होते?” माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. आजोबांच्या माळवदातला, एवढेच मला सांगता आले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ही छान वस्तू आहे. पुरावा नाही.”

ते वाक्य मला अजून टोचते. आपण मण्याची, नाण्याची, मूर्तीची काळजी घेतो. ती जिथे होती त्या जागेची घेत नाही. अर्धवट भोक पाडून टाकून दिलेला एक अकीकाचा मणी दिसायला कुरूप असतो, म्हणून पोरे तो फेकून देतात. पण तो ज्या थरात पडलेला असतो, तिथे मणी घडवले जात होते हे सांगणारा साक्षीदार तोच असतो. सातवाहन राजाचे नाणे एका थरात मिळाले की त्या थरातले खापर, कोळसा, भाजलेले धान्य, सगळ्याचा काळ ठरतो; नाणे उचलून खिशात घातले की सगळे मुके होते. १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केले तेव्हा आणि त्यानंतरच्या उत्खननांतही टेकाडांचा थोडाच भाग पाहिला गेला आहे. बाकी सारे अजून जमिनीत आहे, आणि ते वाचण्याची साधने आज तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहेत. राखेतल्या दाण्यावरून लोक काय खात होते ते कळते, भांड्याच्या आत मुरलेल्या तेलावरून त्यात काय भरले होते ते कळते. पण त्यासाठी ती राख आणि ते भांडे जागच्या जागी असावे लागते.

माळवदे आता गेली. म्हणजे पांढरीची मागणीही जायला हवी होती. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या पंचक्रोशीत मी वेगळेच पाहतो आहे. राखेची, हाडांची माती पिकाला खत म्हणून चांगली, म्हणून जुन्या गावठाणांची पांढरी शेतात टाकली जाते. आणि ती आता बैलगाडीने जात नाही. आजोबांना चार दिवस कुदळीने लागायचे ते यंत्र दोन तासांत भरते. कुदळ चालवणाऱ्याला निदान खापराचा आवाज ऐकू यायचा, तो थांबायचा, वाकून पाहायचा. यंत्राच्या दातांखाली हंडा आला तरी चालवणाऱ्याला कळत नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. टेकाडावर घर आहे त्याला पाया खणावाच लागतो, शौचखड्डा घ्यावा लागतो, घरकुल मंजूर झाले की मुदतीत बांधावे लागते. ‘खात्याला कळवले की जागा अडकते’ ही भीती मी माझ्याच नातेवाइकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती निराधार नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, ती माणसाला जाचतेच. ज्याच्या घराखाली इतिहास आहे त्यानेच त्याची सगळी किंमत मोजावी आणि बाकीच्यांनी अभिमान बाळगावा, हे न्यायाचे नाही असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी ‘गाव हलवा’ किंवा ‘बांधकाम थांबवा’ असे काही मागत नाही.

मी ग्रामसभेकडे मागतो ते एवढेच, की टेकाडांवरची पांढरी माती खतासाठी, भरावासाठी किंवा विक्रीसाठी उचलायची नाही, असा ठराव गावाने आपणहून करावा. पाया खणणे ही गरज आहे, टेकाड पोखरणे ही गरज नाही, हा फरक ग्रामसभा करू शकते. बाहेरचा अधिकारी तो इतक्या समजुतीने करू शकणार नाही. शेताला खत हवे आहे, त्याची सोय गाळातून, शेणखतातून होऊ शकते. जिथे पाया खणायचाच आहे तिथे खणण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयात निरोप द्यावा आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीचे मोबाइलवर चार फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी लावून. थरांचे रंग त्या फोटोत उतरतात. याने कोणाचे काम एक दिवसही अडत नाही.

दुसरे म्हणजे नोंदवही. तेरमधल्या कोणत्या घरात एखादा मणी, एखादे नाणे, एखादी मूर्ती कपाटात नाही, असे मला वाटत नाही. ती कोणी हिसकावून घ्यावी अशी माझी इच्छा नाही. पण ती कोणत्या टेकाडाच्या कोणत्या अंगाला, कोणत्या साली, कोणाच्या आजोबांना मिळाली, हे ज्यांना आठवते ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यासोबत ही आठवण गेली की त्या साऱ्या वस्तू माझ्या बांगडीच्या तुकड्यासारख्या होतील. गावच्या शाळेतली मुले घरोघर जाऊन हे लिहून घेऊ शकतील. आजोबांना विचारायचे प्रश्न तीनच आहेत, आणि ते मला त्या जाणकार बाईंनी शिकवले आहेत.

यात कायद्याची भीती कोणी घालू नये म्हणून तेही लिहितो. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, ते आपल्या सर्वांना लागू आहे. पण तोच कायदा सापडवणाऱ्याचा हक्कही मानतो. निधीचा मूळ मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. आणि सरकारला वस्तू हवी असेल तर ती ज्या धातूची किंवा पदार्थाची आहे त्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ती घ्यावी लागते. उलट, गावात फिरून जुनी नाणी आणि मणी किलोच्या भावाने मागणाऱ्या माणसाकडे १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखालचा परवाना आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक तेरकराला आहे. तो विचारला गेला की असे बरेच लोक पुन्हा गावात दिसणार नाहीत.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे दोन विषय घ्यावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे. बोलावल्यास मी येईन, आणि आखलेल्या चार नोंदवह्या सोबत आणीन. कोणती वस्तू, कोणत्या जागी, केव्हा, कोणाला, असे रकाने त्यात मी आधीच पाडून ठेवले आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या ओळीत माझ्या बांगडीचा तुकडा लिहावा, आणि तो तुकडा गावाने ठेवून घ्यावा. जागेच्या रकान्यात ‘माळवदातून, तीन कोसांवरचे गाव, टेकाड माहीत नाही’ असे लिहावे लागेल. तुमच्यात कोणी असे जुने माणूस असेल ज्याला आठवते की १९६०-६५ च्या सुमारास मृगाच्या आधी बांड्या बैलांची गाडी कोणत्या टेकाडाला लागायची, तर त्याला कृपया त्या दिवशी सभेला घेऊन या. आजोबांची जोडी बांडी होती आणि एका बैलाचे डावे शिंग मोडलेले होते.

आपला,
पंचक्रोशीतला एक नातू